एक गिटार, एक आवाज: जॉनी कॅशचा १९९४ चा अल्बम आणि आमची जुंपलेली

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

रविवारी सकाळी नाशिकच्या कॉलेज रोडला आमची नेहमीची बैठक झाली. नियम जुनेच. एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा, मधे कुणी तोंड उघडायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत, आणि नंतर मिसळ खायला बाहेर. एरवी मिसळ समोर येईपर्यंत विषय महापालिकेच्या खड्ड्यांवर गेलेला असतो. या वेळी पापड मऊ पडले तरी भांडण मिटेना, म्हणून इथे आणतोय.

ज्यांनी कॅश ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण लोकगीतांतून आलेल्या प्रकाराचा, गायक. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात १९३२ साली जन्म, घरी कापसाची शेती. १९५५ ला मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सकडून पहिली रेकॉर्ड, १९५८ पासून कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत. १९६८ ला फॉल्समच्या आणि १९६९ ला सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात कैद्यांपुढे गायला, त्या दोन रेकॉर्ड्सनी तो घराघरांत पोचला. ऐंशीच्या दशकात मात्र गाडी पार उताराला लागली. १९८४ ला त्यानं स्वतःचीच टिंगल करणारं एक कोंबडीचं गाणं केलं, व्हिडिओत चित्रविचित्र पोशाख घालून. १९८६ ला कोलंबियानं त्याला सोडून दिलं. पुढे मर्क्युरीकडे जे अल्बम केले ते कुणी फारसे विचारले नाहीत.

१९९३ ला त्याच्या आयुष्यात रिक रुबिन आला. तिशीचा, दाढीवाला, डेफ जॅम या रॅपच्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. रॅप करणारे बीस्टी बॉइज, मेटल वाजवणारे स्लेयर असल्या मंडळींचे अल्बम केलेला. कंट्री संगीताशी याचा काय संबंध, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला होता. त्यानं कॅशला लॉस एंजेलिसमधल्या स्वतःच्या दिवाणखान्यात बसवलं आणि गिटार घेऊन नुसतं गायला लावलं. थोडं काम टेनेसीत कॅशच्या केबिनमध्ये झालं, दोन गाणी व्हायपर रूम नावाच्या क्लबात लोकांसमोर झाली. एप्रिल १९९४ ला 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' आला. तेरा गाणी. ड्रम नाही, बेस नाही, कोरस नाही, दुसरी गिटारसुद्धा नाही.

आमच्यात दोन तट पडले. एक म्हणतो, चाळीस वर्षांचा मुलामा खरवडून काढल्यावर खरा कॅश सापडला. दुसरा म्हणतो, एका चलाख निर्मात्यानं म्हाताऱ्याला काळा डगला घालून तरुण गिऱ्हाइकांना विकला.

मला दोन्ही पटत नाही. रुबिननं आधी वादक बोलावून याच माणसाबरोबर वेगवेगळे प्रयोग करून पाहिले होते. ते बाजूला ठेवून मग त्या घरगुती टेपाच अल्बम म्हणून काढल्या. म्हणजे हा साधेपणा दोघांनी ठरवून केलेला आहे. त्यात लबाडीही नाही आणि साक्षात्कारही नाही. आणि कॅशला हे नवीन कुठे होतं? १९५५ ला त्याच्यामागे जेमतेम दोन वादक होते, ल्यूथर पर्किन्स गिटारवर आणि मार्शल ग्रँट बेसवर. ड्रमर नव्हता म्हणून हा गडी गिटारच्या तारांखाली कागद सरकवायचा, की मग तारा खणखणायच्या बंद होऊन ब्रशनं वाजवलेल्या ड्रमसारखी खरखर यायची. सन रेकॉर्ड्सची सुरुवातीची गाणी कान देऊन ऐका, तो कागद ऐकू येतो.

मतं येऊ द्या. पण अल्बम ऐकून. नुसता त्याच्या शेवटच्या दिवसांतल्या 'हर्ट' गाण्याचा व्हिडिओ बघून नको.

शालिमार_ते_सीबीएस

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

देवळाली_कॅम्प

मी दुसऱ्या तटातला, रविवारीही होतो आणि आजही आहे. 'चलाख निर्माता' हा शब्द माझाच.

आमच्याकडे कॅम्पात कंट्री संगीत हा काही शौक नव्हता, घरातली गोष्ट होती. नाताळात जिम रीव्हज आणि बाकी वर्षभर कॅश. वडिलांकडे सॅन क्वेन्टिनची कॅसेट होती, इतकी वाजली की टेप गुंडाळली जायची आणि आम्ही पेन्सिल घालून ती परत गुंडाळायचो. त्या कॅसेटमधला माणूस कसा आहे? कैद्यांना चिडवतो, स्वतःवर हसतो, पाणी मागतो, आणि त्याच कार्यक्रमात एका पोराला बापानं मुलीचं नाव ठेवल्याचं धमाल गाणं म्हणतो. ते गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं होतं. म्हणजे लोकांना कॅश आवडायचा तो हसवणारासुद्धा.

रुबिनचा कॅश हसत नाही. मुखपृष्ठ बघा: काळा लांब कोट, ढगाळ आभाळ, दोन बाजूंना दोन कुत्रे. हा माझ्या बापाचा कॅश नव्हे. हा कुणीतरी शहरात बसून कल्पनेनं रंगवलेला कॅश आहे. आणि ती रेल्वेची लय कुठे गेली? पर्किन्सची ती टकाटक काढून टाकली तर कॅशचा अर्धा जीव गेला. धागाकर्ते कागदाची गोष्ट सांगतात, पण तो कागद लय यावी म्हणून होता, लय जावी म्हणून नव्हे.

तिसरी_घंटा

देवळालीकर, हसत नाही म्हणता, शेवटचं गाणं ऐकलंत का नीट? व्हायपर रूममधलं, लाउडन वेनराइटनं लिहिलेलं. रडूच न येणाऱ्या माणसाची गोष्ट. त्यात लोक चक्क खदखदून हसतायत आणि कॅश मुद्दाम थांबून त्यांना हसू देतोय. रुबिनला नुसता यमदूत विकायचा असता तर हे गाणं शेवटी ठेवलं नसतं.

त्या कुत्र्यांचं म्हणाल तर एक काळा, त्याच्यावर पांढरा पट्टा, आणि एक पांढरा, त्याच्यावर काळा पट्टा. पाप आणि उद्धार असा अर्थ खुद्द कॅशनंच लावला होता. फोटो ऑस्ट्रेलियातला आहे. रुबिनच्या डोक्यातून निघालेलं चित्र म्हणून तो निकालात काढता येत नाही.

देवळाली_कॅम्प

बारा गाणी गंभीर आणि तेराव्याला हशा. बरं.

सा_पासून_सुरू

मी पाश्चात्त्य संगीतातली नाही, घरी शास्त्रीय ऐकत वाढले. धागा वाचून काल रात्री पूर्ण अल्बम ऐकला. काही निरीक्षणं.

एक तर 'नुसता आवाज' याचं एवढं कौतुक आपण का करावं? आपल्याकडे दोन तंबोरे, तबला आणि पेटी एवढ्यावर तीन तास मैफल होते, कुणी त्याला धाडस म्हणत नाही. कमी वाद्यं हा आपला नेहमीचा संसार आहे. तिकडे साठ-सत्तरच्या दशकांत मागे व्हायोलिनं, कोरस असा थाट आला, म्हणून त्यांना हे विशेष वाटलं.

दुसरं, सूर. साठी ओलांडलेला आवाज आहे हे मान्य. पण ओळीच्या शेवटी स्वर खाली घसरतो, खर्जात गेला की घोगरा होतो, दमसास तुटतो. आमच्या गुरुजींनी असा स्वर लावलेला खपवून घेतला नसता. 'वय बोलतं' वगैरे म्हणून सूर माफ करायची पद्धत मला झेपत नाही.

मात्र एक कबूल करते. शब्द टाकायची रीत विलक्षण आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाचं त्याचं स्वतःचं गाणं आहे, त्यात गिटारचे ठोके एकसारखे चालू राहतात आणि तो शब्द कधी ठोक्याआधी ठेवतो, कधी नंतर. ठेक्याशी असा खेळ करायला मुरलेपण लागतं. हे सुरापेक्षा वेगळं कौशल्य आहे आणि ते त्याच्याकडे भरपूर आहे.

शालिमार_ते_सीबीएस

ताई, 'दमसास तुटतो' यावर एकच नाव घेतो: कुमार गंधर्व. क्षयानं फुप्फुस गेलं, १९४८ ला देवासला गेले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. परत आले ते छोट्या छोट्या तुकड्यांत गाणारे कुमार. तेव्हाही लोक म्हणाले, हे काय गाणं आहे? आज कोण म्हणतं?

सा_पासून_सुरू

हे नाव येणार हे माहीतच होतं. येतंच.

कुमारांनी काहीही काढून टाकलेलं नाही हो. तंबोरे तेच, तबला तोच. उलट तंबोऱ्याच्या जुळणीबद्दल ते किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे. श्वास कमी झाला म्हणून त्यांनी स्वराची फेक बदलली, माळव्याची लोकगीतं अभ्यासली, नवे राग बांधले. आणि सूर? सूर सुईच्या टोकावर. आजारपणानंतर त्यांच्यावर टीका झाली ती परंपरा मोडली म्हणून, सूर सुटला म्हणून नव्हे. दोन माणसं आजारी पडून परत आली एवढ्यावर तुलना उभी राहत नाही. तसा कॅश १९९४ ला त्या अर्थानं आजारीही नव्हता.

पंचवटी_पासधारक

रोज पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठणाऱ्याच्या कानातून एक व्यावहारिक मत. हा अल्बम गाडीत ऐकण्याच्या लायकीचा नाही. इगतपुरीनंतर बोगदे सुरू झाले की कॅश पुटपुटतोय एवढंच कळतं. आवाज वाढवावा तर पुढच्या गाण्यात तो एकदम कानात ओरडतो.

त्यापेक्षा १९९६ चा 'अनचेन्ड' घ्या. रुबिनचाच, पण मागे रॉक गायक टॉम पेटी आणि त्याचा हार्टब्रेकर्स बँड आहे. ड्रम आहेत, मजा आहे, कॅश खूश वाटतो. त्याला कंट्रीचं ग्रॅमी मिळालं १९९८ ला, तरी कंट्री रेडिओ त्याला वाजवत नव्हता. मग यांनी बिलबोर्ड मासिकात पानभर जाहिरात दिली. सॅन क्वेन्टिनमधला कॅशचा तो मधलं बोट दाखवणारा फोटो, आणि सोबत नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या माहेरघराच्या, संगीतसृष्टीचे व कंट्री रेडिओचे पाठिंब्याबद्दल आभार. अशी जाहिरात आपल्याकडे द्यायची हिंमत कुणात आहे का सांगा.

देवळाली_कॅम्प

+१. 'अनचेन्ड' मला मान्य. तिथे रुबिनचं डोकं ठिकाणावर होतं.

उन्हाळकांदा

सगळे आवाज आणि गिटारवर बोलताय, पहिल्या गाण्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहिते.

पहिल्याच गाण्यात एक पुरुष एका बाईला खुर्चीला बांधून गोळ्या घालतो आणि नंतर तुरुंगात तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसतो. हे काल्पनिक नाही. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात १९०० च्या नाताळात डिलिया ग्रीन नावाच्या मुलीचा खून झाला, त्यावरून निघालेलं लोकगीत आहे. मुलगी चौदा वर्षांची होती. कॅशनं हे गाणं १९६२ लाही गायलं होतं. १९९४ ला त्याचा व्हिडिओ केला, त्यात केट मॉस ही मॉडेल डिलिया झाली. तरुण पोरांना हा म्हातारा एकदम 'कूल' वाटायला लागला, त्यात या व्हिडिओचा मोठा वाटा.

माझा आक्षेप गाणं गाण्याला नाही. लोकगीतात खून असतात, आपल्या पोवाड्यांतही रक्त कमी नाही. माझा आक्षेप आहे त्या साधेपणाचं सोवळं करण्याला. १९६२ च्या रेकॉर्डिंगमध्ये मागे वाद्यं आहेत, गोष्ट ऐकता ऐकता पुढे निघून जाते. इथे दुसरं काही वाजतच नसल्यामुळे खुनी माणूस तुमच्या शेजारी बसून बोलतो आणि तुम्ही त्याचे सोबती होता. हे परिणामकारक आहे, नाही कोण म्हणतं. पण 'प्रामाणिक', 'नितळ', 'आत्म्याचा आवाज' असले शब्द या गाण्याला लावताना जरा थांबा. जात्यावरच्या ओवीत जिच्यावर बेततं ती स्वतः बोलते. इथे डिलियाला एक ओळसुद्धा नाही.

मीटर_लाल

उन्हाळकांदा ताईंचा मुद्दा तांत्रिक बाजूनंही खरा आहे, तेवढं सांगतो. मी साउंडचं काम करतो. लग्नं, भजनी मंडळं, गोदाकाठची दिवाळी पहाट, सगळं केलंय.

गायक माइकला अगदी चिकटून गायला की आवाजातला बेस फुगतो. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात, एका दिशेनं ऐकणाऱ्या माइकमध्ये तो होतो. निवेदक मंडळी याच्याच जिवावर भारदस्त वाटतात, एरवी घरी बायकोशी बोलताना आवाज वेगळाच असतो. त्यात कॅशचा आवाज मुळातच खर्जाचा. वर एको जवळजवळ नाही. एको म्हणजे अंतर. एको काढला की माणूस स्टेजवरून उतरून तुमच्या कानाशी येतो. श्वास ऐकू येतो, बोट तारेवरून सरकलेलं ऐकू येतं, ओठ सुटलेले ऐकू येतात. त्यामुळे पहिल्या गाण्यात खुनी शेजारी बसल्यासारखा वाटतो तो असा.

आणि 'साधं आहे म्हणजे सोपं आहे' असं समजणाऱ्यांना माझ्याकडून दंडवत. दहा वाद्यं असली की माझं काम हलकं. गायक चुकला तर ढोलक वर करतो, कुणाला पत्ता लागत नाही. एक पेटी आणि एक बुवा असले की मला घाम फुटतो, कारण लपवायला जागाच नसते. रुबिनला कुठली टेप ठेवायची आणि कुठली टाकायची एवढंच काम होतं असं वाटत असेल, तर तेच सगळ्यात अवघड काम आहे.

आता वादात आणखी तेल ओततो. कॅशनं १९९३ लाच, रुबिनच्या आधी, नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत स्वतःची गाणी डेमो म्हणून गाऊन ठेवली होती. ती पडून राहिली. त्याच्या मुलानं, जॉन कार्टर कॅशनं, मूळ वाद्यं काढून फक्त आवाज आणि गिटार ठेवली, आणि त्यावर मार्टी स्टुअर्ट, डेव्ह रो वगैरे जुन्या सोबत्यांकडून नवी साथ करून घेतली. २०२४ च्या जूनमध्ये 'साँगरायटर' नावानं तो अल्बम आला. त्यातली दोन गाणी १९९४ च्या अल्बमातही आहेत, व्हिएतनामवालं, आणि युद्धातून सावरणाऱ्या सैनिकासारखा मी, असं म्हणणारं दुसरं. माणूस तोच, गाणं तेच, साल जवळपास तेच. एक उघडं, एक नटवलेलं. लागोपाठ ऐका, मग बोला.

निफाडचा_गारठा

राम राम. आपण शेतकरी माणूस, इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं. पण हा बाबा आपल्याला कळतो भो.

पोरानं फोनमध्ये टाकून दिला होता. डिसेंबरात आमच्याकडं पारा घसरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या कराव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. तेव्हा ऐकला. दुसरी गाणी त्या अंधारात नकोशी वाटतात. हा माणूस नुसता बोलतोय असं वाटलं, आणि सोबत झाली.

तुमच्या वादाबद्दल एकच सांगतो. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडकी करतो. नवीन माणूस बघून म्हणतो, बाग मेली. पण काडी तयार होते ती त्यानंतरच. रुबिननं या बाबाची खरड छाटणी केली एवढंच आपल्याला दिसतं.

देवळाली_कॅम्प

दादा, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. खरड छाटणी झाली, मान्य. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, फुलोरा येतो आणि फेब्रुवारीत माल मार्केटला जातो. बोडका वेल कुणी पेटीत भरून विकतं का? रुबिननं एप्रिलातच माल म्हणून काड्या विकल्या, हेच तर मी म्हणतोय. द्राक्षं आली ती 'अनचेन्ड'मध्ये.

निफाडचा_गारठा

हाहाहा. भाऊ तुम्ही कॅम्पातले असून छाटणीचं पक्कं माहितीये. सापडलो बुवा. पण शेकोटीपाशी त्या काड्याच ऊब देतात, हेही खरं.

शालिमार_ते_सीबीएस

निफाडकर दंडवत घ्या. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

पंचवटी_पासधारक

अवांतर: नाशिककरांना या विषयावर एक घरचंच उदाहरण आहे, कुणी काढलं कसं नाही? विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, गवयाला समाजात मान मिळवून दिला. हेच बुवा उत्तरायुष्यात नाशकात आश्रम काढून रामनामात रमले. मैफलीचा थाट सोडून रामधून. तेव्हाच्या चाहत्यांतही दोन तट नक्की असणार. काहींना वाटलं असेल बुवा उंचीवर गेले, काहींना वाटलं असेल गाणं सोडून भजनाला लागले.

सा_पासून_सुरू

हे उदाहरण कुमारांपेक्षा बरं आहे. फरक इतकाच की पलुस्करबुवांच्या शेजारी कुणी रुबिन नव्हता. निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला.

पण यावरून 'सादगी' आठवला. लताबाईंचा २००७ चा. मयूरेश पै यांचं संगीत. नावातच साधेपणा. तेव्हा आमच्या घरी असाच वाद झाला होता. आई म्हणायची, या वयात असा आवाज ऐकायला मिळणं हेच भाग्य. मावशी म्हणायची, मला जुनी लताच ऐकू दे, हे ऐकून जीव तुटतो. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही. मावशीचं ऐकणं जास्त खरं होतं. आई आवाज ऐकत नव्हती, लता मंगेशकर ऐकत होती.

उन्हाळकांदा

सा_ताई, हे शेवटचं वाक्य कॅशच्या निम्म्या चाहत्यांना लागू आहे.

तिसरी_घंटा

आता माझी पाळी. मीटर_लाल यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही रेकॉर्डिंगं रात्री लागोपाठ ऐकली.

आधी 'साँगरायटर'बद्दल. वाईट नाही. साथ करणारे जुने, जाणते लोक आहेत आणि आवाजाला वाट करून देतात. पण 'सैनिकासारखा मी' म्हणणाऱ्या त्या दुसऱ्या गाण्यात एक जागा आहे, जिथे तो मागे वळून बघून म्हणतो की काही गोष्टी आठवायच्याच नाहीत असं ठरवलंय. नटवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे साथ भरून येते आणि काय वाटायचं ते आपल्याला सांगून टाकते. १९९४ च्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त अंगठ्याचा खालच्या तारेवरचा ठोका आहे, दर वेळी सारख्याच जोराचा. समाधान की हार, ते कळत नाही. मला ते न कळणं हवंय. देवळालीकरांना ते नको असेल तर ती आवडीची गोष्ट आहे, त्यात रुबिनची चलाखी आणायची गरज नाही.

दुसरं, मला आता वाटतंय की आपण सगळेच हा अल्बम २००२ च्या चष्म्यातून ऐकतोय. 'हर्ट'चा तो व्हिडिओ मार्क रोमानेकनं केला. धूळ खात पडलेलं संग्रहालय, थरथरणारे हात, जिन्यावर उभी त्याची बायको जून कार्टर. २००३ च्या मे महिन्यात ती गेली, सप्टेंबरात तो गेला. ते बघितल्यावर १९९४ च्या अल्बमातही आपल्याला मरणच ऐकू येतं. पण १९९४ ला माणूस बासष्ट वर्षांचा होता. त्या जूनमध्ये इंग्लंडात ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात मैदानावर हजारो तरुण पोरांसमोर उभा राहून आपल्या बँडबरोबर सगळी जुनी गाणी वाजवत होता. ती टकाटकसुद्धा. अल्बमात काढून टाकलेली लय त्यानं स्टेजवर सोडलीच नव्हती. म्हणजे त्याच्या लेखी हे दोन कॅश नव्हतेच. एक दिवाणखान्यातला, एक मैदानावरचा. आमच्या दोन तटांनी एकेक उचलून धरलाय.

देवळाली_कॅम्प

ग्लास्टनबरीचं माहीत नव्हतं. शोधून ऐकतो. पण त्यानं माझाच मुद्दा पक्का होतो: स्टेजवर गेला की त्याला बँड हवाच होता.

तिसरी_घंटा

आणि घरी बसला की नको होता. हेच तर.

मीटर_लाल

जाता जाता, कुणी निक लोव्हच्या गाण्याबद्दल बोललंच नाही. आतल्या जनावराचं ते. हा लोव्ह एके काळी कॅशच्या सावत्र मुलीचा नवरा होता, म्हणजे माजी जावई. सासऱ्याला डोळ्यासमोर ठेवून जावयानं इतकं नेमकं गाणं लिहावं आणि सासऱ्यानं ते स्वतःचं म्हणून गावं. आपल्याकडे जावई असं काही लिहील तर पुढचा धोंड्याचा महिना कोरडा जाईल.

शालिमार_ते_सीबीएस

😂 हलकं घ्या. पण माझ्या मते अल्बममधलं तेच सगळ्यात चांगलं. तीन मिनिटांच्याही आतलं, आणि कॅश त्यात कुठेही जोर लावत नाही.

उन्हाळकांदा

यावर सहमत. पहिल्या गाण्यातला माणूस गोळ्या घालून मोकळा होतो. या गाण्यातला माणूस स्वतःलाच कोंडून ठेवायला बघतो. अल्बमातला क्रम बघा, पहिल्यानंतर मधे एकच गाणं आणि लगेच हे. क्रम लावणाऱ्यानं, रुबिन असो की कॅश, हे जाणूनबुजून केलं असेल तर माझा राग निम्मा कमी होतो. निम्माच.

सा_पासून_सुरू

परत ऐकलं ते गाणं. शेवटच्या शब्दावर स्वर पुन्हा खाली बसतो. पण इथे तो बसायलाच हवा होता, हे मान्य करावं लागेल. बाकी बारा गाण्यांबद्दलचं मत कायम.

पंचवटी_पासधारक

पुढच्या बैठकीला मीही येतो. रविवारी मला गाडी गाठायची नसते, शांततेत ऐकून बघू काय फरक पडतो. काय लावणार आहात?

तिसरी_घंटा

मीटर_लाल दोन्ही रेकॉर्डिंगं आणतायत. कुठलं कुठलं हे न सांगता लावायचं आणि चिठ्ठीवर मत द्यायचं असा बेत आहे.

देवळाली_कॅम्प

न सांगता काय लावणार? एकात ड्रम वाजतायत, एकात नाहीत. शेंबडं पोरगंसुद्धा ओळखेल.

मी येतो, पण माझी अट आहे. आधी सन रेकॉर्ड्सची १९५५ ची दोन गाणी लावायची, कागद खुपसलेल्या गिटारची. पर्किन्ससकट. ती ऐकल्याशिवाय मी चिठ्ठी लिहिणार नाही. आणि माझी कॅसेट चालेल असा टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर आणा, आमच्याकडच्याचा पट्टा तुटलाय.

मीटर_लाल

आहे. हेड साफ करून आणतो.